अरेंजर कीबोर्डवर स्टाइल चालू असताना टेम्पो झटका न बसता कसा बदलावा?

आपली अडचण अशी आहे की अरेंजरवर स्टाइल, म्हणजे आपण दिलेल्या कॉर्डनुसार (एकत्र दाबलेल्या स्वरांनुसार) यंत्र आपोआप वाजवते ती ठेक्याची साथ, वाजत असताना टेम्पोचे बटण दाबले की ठेका एकदम पुढे उडी घेतो, टॅप करून (टेम्पोसाठी बटण लयीत ठोकून) पाहिले तर आकडा भलतीकडेच जातो, आणि गाणाऱ्याच्या ओघाबरोबर लय हळूहळू वाढवता किंवा उतरवता येत नाही. मी बरीच वर्षे गायकांना अरेंजरवर साथ करतो. त्या अनुभवावरून माझे ठाम मत असे आहे की कोणते बटण वापरले यापेक्षा बदल किती टक्क्यांचा केला आणि तो गाण्यात कोणत्या जागी केला, यावर त्याचा सहजपणा जास्त अवलंबून असतो.

टेम्पोचा आकडा म्हणजे मिनिटाला किती मात्रा. ६० ला त्या आकड्याने भागले की एका मात्रेचा वेळ सेकंदांत मिळतो. ६० वरून ६१ वर गेलात तर मात्रा सुमारे १६ मिलिसेकंदांनी आखूड होते, ९२ वरून ९३ वर गेलात तर सुमारे ७ ने, आणि १६० वरून १६१ वर गेलात तर जेमतेम २ ने. म्हणजेच ‘एक पायरी’ सगळीकडे सारखी नसते. संथ गाण्यात चार पायऱ्या एकदम चढवल्या तर तो जवळजवळ ७ टक्क्यांचा बदल असतो आणि तो कोणालाही जाणवतो. जलद गाण्यात त्याच चार पायऱ्या म्हणजे अडीच टक्के, आणि त्या सहसा खपून जातात. म्हणून विलंबित गाण्यात एका वेळी एकच पायरी हलवावी आणि तिच्यानंतर किमान एक बार (मात्रांचा एक ठरलेला गट, बहुधा चार मात्रांचा) जाऊ द्यावा.

समजा अंतरा ९२ वर चालू आहे आणि ध्रुवपद ९८ वर यायला हवे आहे. ध्रुवपदाच्या पहिल्या मात्रेवर थेट ९८ करण्याऐवजी आधीचे आठ बार हाताशी धरावेत, पहिले दोन तसेच सोडावेत आणि तिसऱ्यापासून प्रत्येक बारच्या पहिल्या मात्रेला लागून एकेक पायरी चढवावी. आठवा बार येईपर्यंत सहा पायऱ्या पूर्ण होतात, आणि त्या आठव्या बारमध्ये फिल-इन (दोन भागांना जोडणारा ड्रमचा छोटा तुकडा) ठेवला तर ध्रुवपद नैसर्गिकपणे उचलले जाते. बदलासाठी फिल-इनइतकी चांगली जागा दुसरी नाही, कारण तेथे ड्रमचा नेहमीचा साचा आधीच मोडलेला असतो आणि कानाला तुलना करायला मागचा ठेका उरत नाही. एखाद्या वेळी दोन-तीन पायऱ्या एकदम चढवणे भागच असेल, तर त्या फिल-इनमध्येच चढवाव्यात.

आता हाताचा प्रश्न. बहुतेक अरेंजरवर सिंक स्टॉप (बोटे उचलली की स्टाइल थांबवणारी सोय) बंद असेल तर डाव्या हाताने एकदा दिलेला कॉर्ड, बोटे उचलली तरी पुढचा कॉर्ड मिळेपर्यंत चालू राहतो. काही यंत्रांवर त्यासाठी मेमरी किंवा होल्ड नावाचे वेगळे बटण असते. त्यामुळे टेम्पो बदलण्यासाठी असे बार निवडावेत की जेथे एकच कॉर्ड दोन बार टिकतो आणि डावा हात मोकळा होतो. डायल असलेल्या कीबोर्डवर तो डायल अनेकदा टेम्पोचा आकडा समोर उघडा असेल तेव्हाच टेम्पो फिरवतो, म्हणून टेम्पोचे बटण चार बार आधीच एकदा दाबून तो आकडा उघडावा. प्लस-मायनसचे बटण मात्र कधीही दाबून धरू नये, कारण धरून ठेवले की आकडा वेगाने पळतो आणि नेमका कोठे थांबेल यावर आपला ताबा राहत नाही. दोन्ही बटणे एकदम दाबली तर बऱ्याच मॉडेलवर स्टाइलचा मूळ टेम्पो परत येतो. घाईत हे नकळत घडते आणि मग बसणारा झटका सर्वांत मोठा असतो.

आपल्या कीबोर्डवर पायाच्या स्विचला टेम्पो वाढवणे किंवा कमी करणे असे काम नेमून देता येत असेल, तर माझा सल्ला तोच मार्ग धरण्याचा आहे. पाय मुळातच मात्रेवर पडत असतो, त्यामुळे पायरी आपोआप लयीत पडते आणि दोन्ही हात वादनासाठी राहतात.

टॅप टेम्पोचा आकडा भलतीकडे का जातो, हेही गणिताने उलगडते. १२० च्या लयीत दोन मात्रांमधले अंतर ५०० मिलिसेकंद असते. वाजत असताना दोनच टॅपवर टेम्पो बदलणाऱ्या यंत्रावर आपला दुसरा टॅप २० मिलिसेकंद लवकर पडला, तर यंत्र १२५ मोजते. हीच २० मिलिसेकंदांची चूक चार टॅपच्या पहिल्या आणि शेवटच्या टॅपमध्ये असेल आणि यंत्र सरासरी घेत असेल, तर आकडा १२१.६ च्या आसपास येतो. शिवाय लय जितकी जलद, तितकी तीच चूक मोठी दिसते. म्हणून टॅपचा उपयोग सुरुवात करण्यासाठी करावा: गायकाने मुखडा गुणगुणला की चार मात्रांच्या तालात चार वेळा, तीन मात्रांच्या तालात तीन वेळा टॅप करावे, आणि आलेला आकडा पाहून लगेच एक-दोन पायऱ्यांनी नीट करून घ्यावा. गाण्याच्या मध्यावर टॅप करणे मी टाळतो.

शेवटी लय उतरवताना सारख्या पायऱ्यांनी उतरवले तर ते यांत्रिक वाटते. आधी कमी आणि पुढे पुढे जास्त असा उतार कानाला पटतो. उदाहरणार्थ, शेवटच्या आठ मात्रांत ९६, ९५, ९३, ९१, ८८, ८४, ७८, ७० असे उतरता येते. साडेपाच सेकंदांत हे सव्वीस क्लिक डायलवर जमतात, बटणावर जमणे अवघड आहे. यामाहाच्या अनेक अरेंजरवर एंडिंग (स्टाइलचा शेवटचा तुकडा) वाजत असताना तेच एंडिंगचे बटण पुन्हा दाबले की यंत्र स्वतःच लय उतरवत शेवट करते, आणि ते पुरेसे छान होते. गायक एखाद्या ओळीवर पूर्ण मोकळा थांबणार असेल, तर टेम्पोशी झगडूच नये. सिंक स्टॉप चालू करावा, कॉर्डवरून बोटे उचलावीत, म्हणजे स्टाइल थांबते. ओळ नुसत्या पियानोवर किंवा स्ट्रिंग्जवर सांभाळावी, तोवर नवा टेम्पो लावून ठेवावा आणि समेवर कॉर्ड देऊन ठेका पुन्हा उचलावा. भावगीतासारख्या गाण्यात हे इतके सुंदर लागते की हळूहळू बदलण्याचा कोणताही उपाय त्याच्यापुढे फिका पडतो.

काही झटके आपल्या हातून नव्हे, तर सेटिंगमुळे बसतात. गाण्यात फक्त आवाज बदलण्यासाठी रजिस्ट्रेशन (साठवलेल्या सेटिंगचा संच) दाबले आणि त्यात टेम्पोही साठवलेला असेल, तर लय त्या आकड्यावर जाते. अशा वेळी साठवताना टेम्पोची खूण काढावी, किंवा फ्रीझची (निवडलेली सेटिंग बदलू न देण्याची) सोय असेल तर त्यात टेम्पो धरून ठेवावा. स्टाइल बदलली की तिचा मूळ टेम्पो लागू होतो का, हेही तपासावे. यामाहाच्या एसएक्स मालिकेत यासाठी लॉक, होल्ड आणि रिसेट असे तीन पर्याय आहेत. होल्डमध्ये स्टाइल वाजत असेल तर चालू टेम्पो टिकतो आणि थांबलेली असेल तर नव्या स्टाइलचा टेम्पो येतो, म्हणून साथीसाठी मला होल्ड सर्वांत सोयीचा वाटतो.

आणखी दोन गोष्टी ध्यानात असू द्याव्यात. खऱ्या ध्वनिमुद्रित ड्रमवर आधारलेल्या ऑडिओ स्टाइल मूळ टेम्पोपासून फार दूर नेल्या की झांजांचा नाद विस्कटतो. तसेच कीबोर्डवरून वाजवलेली साधी ऑडिओ फाइल स्टाइलच्या टेम्पोमागे येत नाही. लयीचे सगळे चढउतार आधीच ठरलेले असतील, तर ते सिक्वेन्सरमध्ये (वादनाच्या नोंदी साठवणाऱ्या सोयीत) टेम्पोच्या नोंदी म्हणून लिहून मिडी फाइल (ध्वनी नव्हे, तर वादनाच्या सूचना असलेली फाइल) वाजवणे अधिक खात्रीचे असते.

सरावासाठी स्टाइलमधील ड्रम सोडून बाकीचे भाग बंद करावेत. मग पडद्याकडे न पाहता ९० वरून १०० पर्यंत जाऊन परत ९० वर यावे, आणि ते रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐकावे. ज्या बारवर आपल्यालाच पायरी ऐकू येईल, तेथे दोन पायऱ्यांमध्ये आणखी एक बार मोकळा सोडावा.