पुस्तक वाचलं आणि ऑपरेशनला नाही म्हणाली

पालकांसमोर बोलायला गेलं की एक प्रश्न हमखास येतो. पोरगं काहीतरी वाचतं, ते डोक्यात बसतं, झोप उडते. अशा वेळी पुस्तक काढून घ्यावं का? मोघम उत्तर देण्यापेक्षा मी हल्ली एक केस सांगते. संबंधितांना विचारून सांगते, ओळख पटेल असे तपशील बदलून, आणि नाव न देता.

मुलगी एस. वाय. बी. ए.ला. कबड्डीत रेडर, विद्यापीठाच्या संघात निवड जवळजवळ नक्की. एका सामन्यात पाय अडकून गुडघा फिरला आणि एमआरआयमध्ये लिगामेंट तुटल्याचं निघालं. दुर्बिणीतून ऑपरेशन करायचं ठरलं, तारीख मिळाली, कॉलेजातून रजाही मंजूर झाली. तारखेच्या आठवडाभर आधी ती म्हणाली, मी ऑपरेशन करणार नाही. का, तर काही नाही, करणार नाही. आईने खोली धुंडाळली तेव्हा उशीखाली कॉलेजच्या लायब्ररीतून आणलेली एक कादंबरी सापडली. आईने ती उचलली आणि माळ्यावर टाकली.

कादंबरी होती रॉबिन कुकची 'कोमा', मराठी भाषांतर. मूळ पुस्तक १९७७चं आहे, त्यामुळे पुढे थोडं गुपित फुटलं तर वाचकांनी राग मानू नये. बॉस्टनमधलं एक मोठं हॉस्पिटल, किरकोळ ऑपरेशनसाठी आलेले धडधाकट रुग्ण भूल दिल्यावर शुद्धीवरच येत नाहीत, आणि एक वैद्यकीय विद्यार्थिनी त्याचा छडा लावायला निघते. लेखक स्वतः डॉक्टर, डोळ्यांचा. त्यामुळे सगळं कसं अगदी आतल्या माणसाने सांगितल्यासारखं. आणि त्यातला एक तरुण येतो तो गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी. आता सांगा, उद्या जिचा गुडघा टेबलावर जाणार आहे तिने ते पान वाचून काय करावं?

आई तिला माझ्याकडे समुपदेशनासाठी घेऊन आली ती थोडी चिडलेलीच होती. "मॅडम, आमच्या घरात कुणी कादंबऱ्या वाचत नाही. ही वाचते म्हणून आम्हाला कौतुक होतं. आता वाटतं, लायब्ररीचे पैसे भरून फाडून टाकावं ते पुस्तक." मी आईला बाहेर बसायला सांगितलं.

मुलीने पहिली दहा मिनिटं गुडघ्याला बांधलेल्या पट्ट्याचं वेल्क्रो काढलं, लावलं, काढलं, लावलं. मग पर्समधून एक वस्तू काढून टेबलावर ठेवली. ऑक्सिमीटर. कोरोनात घराघरांत आला होता तोच, निळा-पांढरा, पाठीमागच्या सेलचं झाकण चिकटपट्टीने धरलेलं. रात्री दचकून जाग आली की ती तो बोटाला लावायची. ९७ आला की दोन मिनिटं बरं वाटायचं. ९५ आला की उठून बसायची, बोट चोळायची, दुसऱ्या बोटाला लावायची. आदल्या रात्री अकरा वेळा लावला होता म्हणाली. उताणं झोपायची भीती वाटत होती, कारण पुस्तकातले रुग्ण उताणे असतात.

घाबरलेल्या माणसाला धीर द्यावा असं आपल्याला वाटतं. "अगं, असं काही नसतं, ती गोष्ट आहे." घरच्यांनी हे तिला डझनभर वेळा सांगून झालं होतं. त्याने तासभर बरं वाटतं आणि मग माणूस पुन्हा तेच ऐकायला येतो. ऑक्सिमीटरचं तेच आणि मामाच्या "मी आहे ना"चंही तेच. खात्री पुन्हापुन्हा मागावी लागते याचाच मेंदू असा अर्थ काढतो की धोका खरा असणार. म्हणून मी तिला धीर दिला नाही. विचारलं, पुस्तक कुठपर्यंत वाचलंस?

निम्म्यापर्यंत. ऐन रहस्य गडद झालं आणि आईने ते माळ्यावर टाकलं. म्हणजे तिच्या डोक्यात ती तरुण माणसं अजून तशीच पडलेली होती, कसं घडलं ते कळलेलं नव्हतं, कुणी केलं तेही नाही. उरलेलं अर्धं पुस्तक ती रोज रात्री स्वतःच रचत होती. आणि लेखकापेक्षा वाईट रचत होती, कारण लेखकाला निदान शेवट करावा लागतो.

दुसरा प्रश्न मी विचारला तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तुझ्या ऑपरेशनच्या दिवशी नेमकं काय काय होणार आहे, सांग बरं. तिला काही सांगता येईना. "सकाळी उपाशीपोटी जायचं." पुढे? "माहीत नाही." भूल कुठली? माहीत नाही. किती वेळ? माहीत नाही. सर्जनशी बोलणं बाबांनी आणि मामाने केलं होतं, ती बाहेर बाकावर पाय लांब करून बसली होती. फॉर्मवर सही बाबांची. मुलगी १९ वर्षांची, मतदार यादीत नाव असलेली. कायद्याने संमती तिने द्यायची, आणि तिलाच कुणी काही सांगितलं नव्हतं. घरच्यांचा हेतू वाईट नव्हता, पोर घाबरेल म्हणून सगळे हळू आवाजात बोलत होते. ऑपरेशन थिएटरचं दार बंद झाल्यावर आत काय होतं हे तिला आयुष्यात पहिल्यांदा कुणी सविस्तर सांगितलं असेल तर ते त्या कादंबरीने.

आमोस ट्वर्स्की आणि डॅनियल काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये मांडलं की एखादी गोष्ट जितकी सहज आणि ठसठशीत आठवते तितकी ती आपल्याला जास्त वेळा घडणारी वाटते. हिच्याकडे थिएटरचं एकच चित्र होतं, तेही अत्यंत ठसठशीत. त्याला टक्कर द्यायला दुसरं चित्रच नव्हतं. त्यात पुस्तकाचा दोष मला दिसत नाही. थरारकथेचं काम थरार देणं, आणि या लेखकाने ते चोख केलंय.

तेव्हा मी आईला आत बोलावून सांगितलं की पुस्तक माळ्यावरून काढून तिला द्या. आईचा चेहरा बघण्यासारखा झाला. ऑपरेशनची तारीख दोन आठवडे पुढे ढकलता येते का, हेही विचारायला सांगितलं; गुडघ्याची सूज उतरायची होतीच, डॉक्टर लगेच हो म्हणाले. मुलीला दोन गोष्टी सांगितल्या. पुस्तक दिवसा, ओट्यावर नाहीतर अंगणात, माणसांत बसून संपवायचं. रात्री अंथरुणात नाही. आणि ऑक्सिमीटर आज्जीकडे द्यायचा. हवा असेल तर मागायचा, पण मागितल्यावर आज्जीने पंधरा मिनिटांनी द्यायचा. आज्जीने हे काम फारच मनावर घेतलं. तिसऱ्या रात्री नातीने मागितला तेव्हा पंधरा मिनिटं होईपर्यंत आज्जी देवघरासमोर घड्याळ बघत उभी, आणि द्यायला गेली तर नात झोपलेली.

पुढच्या भेटीत ती वही घेऊन आली. पुस्तक वाचून झालं होतं. धास्ती गेली नव्हती, पण तिचं रूप बदललं होतं. आधी "काहीतरी होईल" होतं, आता प्रश्न होते, आणि प्रश्न विचारता येतात. कादंबरीत प्राणवायूच्या नळीतून कार्बन मोनॉक्साइड सोडून रुग्णांचा मेंदू निकामी केला जातो, अवयव विकण्यासाठी. तिने त्यावर नेटवर वाचलं होतं. म्हणाली, "मॅडम, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइड ओळखतच नाही. तो आकडा चांगलाच दाखवतो. मग मी रात्री बघत काय होते?"

हा प्रश्न माझ्या अखत्यारीतला नव्हता आणि मी त्याचं उत्तर देऊही नये. ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञ रुग्णाला तपासतात, त्याला हॉस्पिटलात पीएसी म्हणतात. बऱ्याच ठिकाणी ते रक्तदाब, जुने आजार, औषधं, हलणारे दात एवढ्यावर पाच मिनिटांत आटोपतं. कारण रुग्ण काही विचारत नाही. मी तिला सांगितलं की वही घेऊन जा आणि वहीतलं सगळं विचार. बाबा सोबत असू देत, पण बोलायचं तू.

भूलतज्ज्ञांशी काय बोलणं झालं ते तिने मला नंतर हावभावांसकट सांगितलं. ऑक्सिमीटरचा प्रश्न ऐकून ते हसले नाहीत. म्हणाले, बरोबर आहे तुझं, साधा ऑक्सिमीटर त्या वायूने फसतो. म्हणून तर आम्ही एका यंत्रावर विसंबत नाही. आत जाणाऱ्या हवेतला प्राणवायू वेगळा मोजतो, पूर्ण भूल असेल तर श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजतो, ईसीजी आणि रक्तदाब चालूच, आणि तुझ्या डोक्याशी शेवटपर्यंत मी असतो. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली ती तिला फार आवडली. ती कादंबरी आली तेव्हा थिएटरात बोटाला लावायचं हे यंत्रच नव्हतं. पल्स ऑक्सिमीटरची कल्पना जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडली आणि थिएटरांत तो रुळला १९८०च्या दशकात. म्हणजे हिच्या पर्समधली वस्तू त्या बॉस्टनच्या डॉक्टरांकडेही नव्हती.

आणि तिला पूर्ण भूल देणारच नव्हते! स्पायनल, म्हणजे पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखाली बधिर. तू जागी असशील, माझ्याशी गप्पा मारशील. क्वचित ती पुरेशी लागत नाही, तेव्हा पूर्ण भूल द्यावी लागते, पण तुला सांगून. एवढी साधी माहिती महिनाभर घरात कुणालाच नव्हती.

अवयवांचंही तिने विचारलं. त्यावर डॉक्टरांनी सांगितलेलं मी इथे माझ्या शब्दांत देते, कारण ही शंका मला इतर पालकांकडूनही ऐकू येते. कोमा आणि मेंदूमृत्यू या दोन वेगळ्या अवस्था आहेत. कोमातला माणूस जिवंत असतो आणि त्यातून बाहेर येऊ शकतो; मेंदूमृत्यूत मेंदूचं काम कायमचं थांबलेलं असतं. आपल्याकडे १९९४च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे मेंदूमृत्यू चार डॉक्टरांच्या मंडळाने, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून जाहीर करायचा असतो, आणि अवयव काढायला नातेवाइकांची संमती लागते. मूत्रपिंड विक्रीची प्रकरणं आपल्या देशात घडली आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. मुलं बातम्या वाचतात. "असं कधी होतच नाही" म्हणालात की तुमचं पुढचं काहीच ती खरं मानत नाहीत.

घरी आल्यावर भीतीने एक शेवटची उडी मारली. पाठीत इंजेक्शन म्हटल्यावर आज्जी, जिने ऑक्सिमीटरचं काम एवढं चोख केलं होतं, म्हणाली, "नको गं बाई, जन्माची कंबर धरते." ही समजूत आपल्याकडे घरोघर आहे, सिझेरियन झालेल्या बायकांना विचारा. सुई टोचलेली जागा काही दिवस दुखू शकते, काहींना डोकं दुखतं आणि ते सहसा बसल्या-उभ्या वाढतं. स्पायनलमुळे जन्मभराची कंबरदुखी लागते असं मात्र आढळलेलं नाही. मुलीने हे भूलतज्ज्ञांकडून आधीच ऐकलेलं होतं. आज्जीला समजावायचं काम तिनेच केलं. भीती दुसऱ्याला समजावून सांगताना आपली आपल्याला नीट कळते, हे मी या कामात पुष्कळदा पाहिलंय.

आता पालकांच्या मूळ प्रश्नाकडे. पुस्तक काढून घेऊ नका. निदान निम्म्यावर तर नकोच. वाचून चार-सहा रात्री दचकणं ही चांगल्या लेखकाला मिळालेली दाद समजा. वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या काही मुलांना तर जो आजार शिकतील तो स्वतःला झाल्यासारखा वाटतो, आणि बहुतेकांचं ते आपोआप ओसरतं. माझ्याकडे किंवा कुणाही तज्ज्ञाकडे यायचं ते झोपेचं खोबरं होऊन आठवडे उलटले, पुन्हापुन्हा तपासणं थांबेना, छातीत धडधडून घाम फुटू लागला, किंवा गरजेचे उपचारच टाळले जाऊ लागले तर. जवळ कुणी नसेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीतही बोलतात. आणि घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल, तर ज्याचं ऑपरेशन त्याला डॉक्टरांसमोर बसवा. वय १२ असलं तरी. सही तुमची असेल, शरीर त्याचं आहे.

ऑपरेशन ठरल्याप्रमाणे झालं. भूल द्यायच्या आधी नर्सने नाव विचारलं, कुठला गुडघा ते विचारलं, पेनाने केलेली खूण बघितली. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये आणलेल्या तपासणी यादीतला हा भाग. वहीत तो आधीच लिहिलेला असल्यामुळे तिने डावा-डावा असं दोनदा ठणकावून सांगितलं. समोरच्या पडद्यावर स्वतःच्या गुडघ्याचं आतलं दृश्य बघायला मिळालं. त्याबद्दल ती इतकं बोलली की मलाच जरा मळमळलं.

तिसऱ्या दिवशी उठून बसलं की डोकं दुखायला लागलं. आज्जी म्हणाली, बघ, मी सांगत होते. आई मला फोन लावायला निघाली. तोवर मुलीने भूलतज्ज्ञांना फोन करून आडवं पडायचं, पाणी-कॉफी घ्यायची, आणि दोन दिवसांत कमी झालं नाही तर दाखवायला यायचं, हे सगळं विचारून घेतलं होतं. दोन दिवसांनी डोकं दुखायचं थांबलं. आता फिजिओथेरपी चालू आहे आणि त्याबद्दल तिच्या तक्रारीच तक्रारी आहेत. त्यांच्यासाठी मात्र तिने माझी वेळ घेतलेली नाही.