धोकादायक कामांतली मुले : धाड पडूनही मालक सुटतो कसा?

आपला प्रश्न असा आहे की, पुण्याच्या आसपासच्या कारखान्यांत अल्पवयीन मुले धोकादायक कामे करताना उघड दिसतात, कायदाही आहे, मग सरकार कारवाई का करत नाही? माझे उत्तर असे की कारवाई होते, पण ती बहुधा पंचनाम्यापाशी थांबते. आणि हे मी अशाच एका पंचनाम्यावर सही केलेला माणूस म्हणून सांगत आहे.

२०१८ साली मी महापालिकेच्या शाळेत शिक्षक होतो. भोसरीतल्या एका प्लेटिंगच्या, म्हणजे धातूच्या वस्तूंवर मुलामा चढवण्याच्या शेडवर सरकारी पथकाची धाड पडणार होती आणि पंच म्हणून सरकारी नोकर हवे होते, म्हणून मला पाठवण्यात आले. पत्र्याचा गाळा, आत ओळीने टाक्या : अ‍ॅसिडची, झिंकची, पाण्याची आणि शेवटी पिवळ्या पॅसिव्हेशनची, म्हणजे मुलामा टिकावा म्हणून ज्यात वस्तू बुडवतात त्या क्रोमियमच्या रसायनाची. दाराशी पोत्यावर बसलेला एक मुलगा तांब्याच्या तारेत नट ओवत होता, गजरा ओवावा तसा. त्याची बोटे हळद लावल्यासारखी पिवळी होती आणि दोन पेरांवर गोल, खोल, कडा टणक झालेल्या जखमा होत्या. क्रोमियमच्या रसायनाने पडणारी ही भोके लवकर भरून येत नाहीत, आणि त्याच रसायनाचे तुषार श्वासावाटे आत जात राहिले तर नाकाच्या पडद्यालाही छिद्र पडते. वय विचारल्यावर तो "सोळा, सर" म्हणाला, मग मालकाकडे पाहून "एकोणीस" म्हणाला.

इथून पुढचे सगळे त्या दोन आकड्यांवर अवलंबून होते. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी आहे, तर १४ ते १८ वयाच्या मुलांना केवळ खाणी, स्फोटक व ज्वालाग्राही पदार्थ आणि धोकादायक प्रक्रिया यांत ठेवता येत नाही. इलेक्ट्रोप्लेटिंग, म्हणजे त्या शेडमधले काम, या धोकादायक प्रक्रियांच्या यादीत आहे. म्हणजे सोळा असेल तर गुन्हा, एकोणीस असेल तर काहीच नाही. मालकाने आधार कार्डाची प्रत पुढे केली. तीवर १ जानेवारी ही जन्मतारीख होती, जी नेमकी तारीख ठाऊक नसली की वर्षापुढे सरसकट लावली जाते आणि जी माझ्या वर्गातल्याही कित्येक मुलांच्या कार्डांवर मी पाहिली होती. पुढे वय ठरवण्यासाठी हाडांच्या तपासणीची पाळी आली, तर तिच्या अंदाजात साधारण २ वर्षांचा फरक दोन्ही बाजूंना धरला जातो आणि त्या फरकाचा फायदा सहसा आरोपीला मिळतो.

मालकाचे दुसरे म्हणणे, "मी त्याचा मामाच आहे." पुण्यात रिक्षावाल्यापासून हवालदारापर्यंत सगळेच मामा असतात, हे सोडून देऊ, पण हे उत्तर कोणीतरी त्याला पढवलेले असावे, कारण दुरुस्तीने कौटुंबिक व्यवसायात शाळा सुटल्यावर व सुट्टीत मदत करण्याची जी सवलत दिली, त्यातल्या कुटुंबाच्या व्याख्येत आईवडील व भावंडांबरोबर काका, आत्या, मामा, मावशी हेही येतात. धोकादायक कामाला ही सवलत लागू नाही. तरीही पंचनाम्यात "मुलगा मालकाचा भाचा असल्याचे सांगतो" हे वाक्य जसेच्या तसे उतरले आणि मीही त्याखाली सही केली. त्याची खंत मला आजही आहे.

मुलगा बालकल्याण समितीपुढे गेला, काही दिवसांनी नांदेडकडून आलेले वडील त्याला घेऊन गेले. मला साक्षीचे समन्स आले २०२३ मध्ये. तोवर शेडचे नाव बदललेले, मुलगा कुठे आहे हे कोणालाच ठाऊक नाही. बचावाच्या वकिलांनी मला एकच प्रश्न विचारला : मुलाला टाकीत हात घालताना आपण स्वतः पाहिले का? मी पाहिली होती ती बोटे, टाकीतला हात नव्हे. मालक संशयाचा फायदा मिळून सुटला.

समजा, दोषी ठरला असता तरी काय? पहिल्या गुन्ह्याला ६ महिने ते २ वर्षे कैद किंवा २० ते ५० हजार रुपये दंड किंवा दोन्ही. या 'किंवा'मुळे न्यायालयाला नुसत्या दंडावरही सोडता येते. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिवकाशीच्या फटाके-आगकाड्यांच्या कारखान्यांतल्या मुलांबाबतच्या खटल्यात प्रत्येक मुलामागे मालकाने २० हजार रुपये भरावेत असे सांगितले होते; वीस वर्षांनी दुरुस्तीत किमान दंड ठरला तोही २० हजारच.

तपासणीचीही कथा वेगळी नाही. औद्योगिक सुरक्षा संचालनालयाची नजर प्रामुख्याने कायद्याच्या व्याख्येत बसणाऱ्या कारखान्यांवर असते, आणि आठ-दहा माणसांच्या शेडा त्या व्याख्येतच बसत नाहीत. बालकामगार कायदा त्यांनाही लागू आहे, पण तिथे नेमाने जाणारे कोणी नाही. डिसेंबर २०२३ मध्ये तळवड्यात वाढदिवसाच्या केकवरच्या फुलबाज्या बनवणाऱ्या शेडमध्ये स्फोट होऊन स्त्रिया जळून मेल्या, तेव्हा ती शेड तिथे आहे हे बऱ्याच जणांना कळले.

आपल्याला तक्रार करायची असल्यास १०९८ या मुलांच्या मदत-क्रमांकावर किंवा बालकामगारांच्या तक्रारींसाठी असलेल्या केंद्राच्या 'पेन्सिल' या पोर्टलवर करता येते. तीत वयाचा अंदाज लिहिण्यात शब्द खर्च करू नका. किती वाजता पाहिले, कोणत्या टाकीपाशी, मुलाच्या हातात काय होते आणि हात कशात बुडत होता, हे लिहा.