डिस्पॅच सर्व्हरसाठी रेड ५ की रेड १०?

रत्नागिरीतील आपत्कालीन नियंत्रण कक्षाच्या, म्हणजे कॉल आल्यावर मदतीच्या गाड्या पाठवणाऱ्या (डिस्पॅच) कक्षाच्या, डेटाबेस सर्व्हरला रेड ५ चालेल का, असे आपण विचारले आहे. रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून, एखादी बिघडली तरी डेटा टिकवण्याची पद्धत; ५ आणि १० हे तिचे प्रकार. माझ्या मते रेड १० घ्यावे. रेड ५ मध्ये जागा वाचते, पण कॉलच्या नोंदीला जागा फारशी लागतच नाही; उलट प्रत्येक गाडीचे स्थान सतत लिहिले जात असते आणि रेड ५ मध्ये अशा एकेका लहान नोंदीमागे डिस्कवर चार क्रिया होतात, रेड १० मध्ये दोनच. ट्रान्झॅक्शन लॉगला (डेटाबेसमधील प्रत्येक बदलाची क्रमवार नोंद) स्वतंत्र डिस्क द्याव्यात. जागा खाणारी कॉल रेकॉर्डिंग या सर्व्हरवर ठेवूच नयेत. क्षमता रोजच्या सरासरीवर न बेतता जुलै २०२१ मधील चिपळूणच्या पुरासारख्या दिवसावर बेतावी. डेटाची दुसरी प्रत घाटावर, कोल्हापुरात किंवा पुण्यात असावी. सर्व्हरची खोली तळमजल्यावर असेल, तर पुराच्या धोक्यामुळे (डिस्क घेण्याआधी) ती वर हलवावी.