बूस्टमध्ये मिक्स्चर लीन होतं तेव्हा

प्रश्न: १६०० सीसी इंजिनाला घरीच टर्बो बसवला, बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) ०.६ बार. मूळ ऑक्सिजन सेन्सरला मीटर जोडलाय. फुल थ्रॉटलला तो ०.८५ व्होल्ट दाखवतो, म्हणजे रिच (पेट्रोल जास्त), लीन (पेट्रोल कमी) नाही. एवढं पुरे ना?

उत्तर: नाही. मूळचा सेन्सर नॅरोबँड असतो. एका भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा, या रेषेच्या अलीकडे आहोत की पलीकडे, एवढंच त्याला कळतं. १३ लाही तो जवळपास तेच व्होल्टेज देतो आणि ११.५ लाही. बूस्टमध्ये या दोन आकड्यांत इंजिन राहतं की जातं एवढा फरक आहे. जास्तीचं पेट्रोल वाफ होताना उष्णता ओढून घेतं, त्यामुळे नॉकिंग (मिक्स्चर अवेळी आपोआप पेटणं) लांबतं. तो आधार गेला की पिस्टनच्या कडा वितळायला फार वेळ लागत नाही.

वाइडबँड, म्हणजे हवा-पेट्रोलचं नेमकं प्रमाण दाखवणारा सेन्सर, घ्या. टर्बोच्या नंतर, टोक खाली झुकेल असा बसवा, म्हणजे पाइपात जमलेलं पाणी त्यावर येणार नाही. इग्निशन मागे ठेवून (ठिणगी थोडी उशिरा) ११.५ पासून सुरुवात करा. इंटरकूलर (टर्बोतून आलेली हवा थंड करणारा) नसेल तर ११.८ च्या पुढे जाऊच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. थोड्या पॉवरसाठी इंजिन पणाला लावू नये.

प्रश्न: बूस्ट नसताना सगळं ठीक. ३,५०० आरपीएमला बूस्ट चढला की आकडा ११.८ वरून १३.२ वर जातो. इंजेक्टर मोठे टाकलेत, मॅपमध्येही (कधी किती पेट्रोल द्यायचं हा संगणकातला तक्ता) पेट्रोल वाढवून पाहिलं.

उत्तर: मॅपला हात लावणं आधी थांबवा. १३.२ दिसला की त्याच क्षणी पाय काढायचा, आणि मीटर बघायला शेजारी दुसरं माणूस हवंच.

मला संशय फ्युएल प्रेशरचा आहे. रेलमध्ये (इंजेक्टरना पेट्रोल देणारी नळी) ३ बार आणि मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणारा भाग) ०.६ बार बूस्ट असेल, तर इंजेक्टरला ढकलायला उरतात २.४ बार. इंजेक्टरचा फ्लो प्रेशरच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो, म्हणजे तो साधारण साडेदहा टक्के घटतो. ११.८ चे नेमके १३.२ होतात! म्हणून रेग्युलेटरला (पेट्रोलचं प्रेशर ठरवणारा भाग) मॅनिफोल्डची होज लागते: बूस्ट जेवढा चढेल तेवढं प्रेशर वाढायला हवं. अशीच एक गाडी माझ्याकडे आली होती. होज जागेवर, क्लिपही घट्ट, पण वळणावर नखाएवढी चीर होती. व्हॅक्यूममध्ये ती मिटायची, बूस्टमध्ये उघडायची. होज हातात घेऊन वाकवली तेव्हा दिसली.

गेज लावून बघा: ०.६ बूस्टला ३.६ दिसलं पाहिजे. रिटर्न लाइन नसलेल्या बऱ्याच गाड्यांत रेग्युलेटर टाकीतच असतो आणि त्याला बूस्ट कळतच नाही, तेही तपासा. होज ठीक असूनही प्रेशर पडत असेल तर फिल्टर आणि लोडवर पंपाला मिळणारं व्होल्टेज बघा. बारीक वायरमुळे चांगला पंपही दमतो. इंजेक्टर अपुरे पडण्याची शक्यता इथे कमी. तो प्रश्न वरच्या आरपीएमला येतो. ६,००० ला एक सायकल २० मिलिसेकंदांची असते, त्यात इंजेक्टर १७ च्या वर उघडा राहिला तर हाताशी काही उरत नाही.

प्रश्न: ५,५०० नंतर गाडी मिसिंग करते आणि वाइडबँड लीन दाखवतो. पेट्रोल वाढवलं तर मिसिंग वाढतं.

उत्तर: वाइडबँड पेट्रोल मोजत नाही, ऑक्सिजन मोजतो. ठिणगी चुकली की त्या सिलिंडरची हवा न जळता बाहेर येते आणि मीटरला लीन वाटतं. प्लगची गॅप १.१ मिमी असेल तर ०.७ करा, कॉइल तपासा. पेट्रोल मात्र वाढवू नका. कच्चं पेट्रोल सिलिंडरवरचं ऑइल धुऊन काढतं. सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट लीक असेल तरीही असंच खोटं लीन दिसतं, पण ते बहुतेक कमी आरपीएमला.

प्रश्न: प्लगच्या रंगावरून ट्यून करता येईल?

उत्तर: बूस्टसाठी नाही. मात्र पोर्सेलिनवर ॲल्युमिनियमचे बारीक चकचकीत कण दिसले तर गाडी तिथेच थांबवा. तो पिस्टन आहे.

प्रश्न: पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असेल तर आकडे बदलतात का?

उत्तर: १४.७ च्या जागी साधारण १३.५ येतात. पण मीटर मुळात लॅम्डा (प्रत्यक्ष प्रमाण भागिले त्या पेट्रोलचं योग्य प्रमाण) मोजतो आणि त्याला १४.७ ने गुणून दाखवतो, म्हणून लॅम्डावरच ट्यून करा, ०.८० दोन्हीकडे ०.८०च. इंजेक्टरला मात्र आठेक टक्के जास्त पेट्रोल द्यावं लागेल. शुद्ध पेट्रोलवर ट्यून केलेल्या गाडीत हे मिश्रण भरलंत, तर बूस्ट कमी ठेवून आकडा पुन्हा तपासा.