कीबोर्डवरची ढोलकी खरी वाटावी म्हणून सॅम्पल किटचा कीबोर्ड घ्यावा की ऑडिओ लूपचा?

तुम्ही लिहिलंय की निपाणीजवळच्या गावात तुम्ही आणि एक गायक मिळून भजन, हळदी, बारशाचे कार्यक्रम करता, पण कीबोर्डवरची ढोलकी पत्र्याच्या डब्यागत वाजते. आता नवा अरेंजर, म्हणजे कॉर्ड धरली की ताल-साथ आपोआप वाजवणारा कीबोर्ड, घेताना चांगल्या किटचा घ्यावा की ऑडिओ लूप वाजवणारा, हे ठरत नाही. मी बेळगावचा. खानापूरपासून चिकोडीपर्यंत असेच कार्यक्रम करतो. माझं मत सरळ सांगतो: किटचा घ्या. लूप जवळ ठेवा, पण मोजक्या गाण्यांपुरतेच.

किटमध्ये एकेक थाप वेगळी रेकॉर्ड केलेली असते आणि स्टाइल, म्हणजे कीबोर्डमधली तयार साथ, ती मिडीच्या हुकमावर (कुठली कळ, कधी, किती जोरानं, एवढंच सांगणारा संदेश) वाजवते. लूपमध्ये वादकानं वाजवलेली दोन, चार किंवा आठ आवर्तनं जशीच्या तशी असतात. त्यामुळं दुकानात ऐकलं की लूपच आवडतो. बोटांचा जोर, दोन बोलांमधला श्वास, खोलीचा घुमारा, सगळं त्यात आयतं आलेलं असतं. तालवाद्यांना कॉर्ड बदलली तरी सूर बदलायचा नसतो, म्हणून अरेंजरमध्ये लूप बसवणं सोपंही जातं. पण हा हिशेब ड्रमसेटचा. तबला-ढोलकीला तो लागू होत नाही, आणि मी फसलो तो तिथंच.

एकाकडून तबल्याचे लूप विकत घेतले होते. घरी ऐकून अंगावर काटा आला. मग एका सप्ताहात बुवांनी भूपातला अभंग काळी दोनमध्ये धरला. लूपमधला तबला होता काळी एकमध्ये लावलेला. म्हणजे बुवांच्या षड्जाखाली तबला सतत कोमल निषाद देत होता, आणि भूपात निषादच नाही. बुवांनी दोनदा मागं वळून बघितलं. मी ट्रान्सपोज (सगळी पट्टी वर-खाली करायचं बटण) दाबला, पण तालाचा भाग ट्रान्सपोजला हलत नाही. घरी येऊन लूपची पट्टी चढवून बघितली, तर डग्गा पातळ झाला, त्यातली हवाच गेली. किटमध्ये हे काम दोन मिनिटांचं आहे. ‘ना’ आणि ‘तिं’ वाजवणारे स्वर शोधायचे, फक्त त्यांची पट्टी दोन सेमिटोन (दोन कळा, काळ्या-पांढऱ्या धरून) वर न्यायची, डग्ग्याला हात लावायचा नाही. काळी एक, काळी दोन आणि पांढरी पाच अशी तीन किटं मी तयारच ठेवलीत.

दुसरी गोष्ट लयीची. आपल्याकडचा अभंग सत्तरला (मिनिटाला सत्तर मात्रा) सुरू होतो आणि गजराला एकशे तीसवर जातो. ७० ला एक मात्रा साधारण ८५७ मिलिसेकंदांची, १३० ला ४६२ ची, म्हणजे जवळजवळ निम्मी. नव्वदला रेकॉर्ड केलेला लूप कीबोर्ड ताणतो आणि दाबतो. आठ-दहा टेम्पोपर्यंत ते खपून जातं. त्यापुढं थापेचं तोंड बोथट होतं, झांजेला पाण्यात बुडवल्यासारखा आवाज येतो. लूपचे तुकडे करून प्रत्येक थाप वेगळी वाजवण्याचीही पद्धत आहे, तिनं आवाज ताणला जात नाही. पण लय उतरवली की दोन तुकड्यांमध्ये भोक पडतं, आस तुटते. शिवाय बुवांनी मधेच आलाप लांबवला, तर किटच्या स्टाइलवर मी डावा हात उचलून ठेका साधा करतो, फिल (मधला छोटा तोडा) टाकून समेवर परत येतो. लूप तसा वळत नाही.

कंपन्यांचा प्रवास बघण्यासारखा आहे. इटलीच्या केट्रॉननं ऑड्या या कीबोर्डात खऱ्या ड्रमरांचं ऑडिओ वाजवून नाव मिळवलं, आणि पाश्चात्य नाचाच्या गाण्यांना ते अजूनही फार सुंदर लागतं. यामाहानं २०१३ च्या टायरोस ५ या कीबोर्डमध्ये ऑडिओ स्टाइल्स (लूपवर चालणाऱ्या) दिल्या. पण २०१७ च्या जेनोसमध्ये त्यांनी भर दिला रेव्हो ड्रम्सवर. हे किटच आहे, फक्त एकाच जोरानं लागोपाठ मारलं तरी दरवेळी थोडी वेगळी थाप निघते. २०२३ च्या जेनोस २ मध्ये खोलीतल्या माइकचा आवाज हवा तेवढा मिसळायची सोय आली. लूपमध्ये आवडणाऱ्या गोष्टी एकेक करून किटमध्ये येत आहेत.

आता तुमच्या पत्र्याच्या डब्याकडं. बहुतेक वेळा दोष सॅम्पलचा नसतो. स्टाइलमधली प्रत्येक थाप एकाच जोरानं लिहिलेली असते, दोष तिथं असतो. मिडीत जोर १ ते १२७ असतो, आणि पेनड्राइव्हमधून फिरणाऱ्या कितीतरी स्टाइल्समध्ये हाय-हॅट (ड्रमसेटमधली झांजेची जोडी) ओळीनं १०० वर ठेवलेली दिसते. माणूस असं वाजवत नाही. तुमच्या आत्ताच्याच कीबोर्डवर स्टाइल एडिटमध्ये जाऊन हाय-हॅट ९२, ६०, ७८, ५५ अशी करून बघा, स्नेअरच्या (कडक आवाजाचा छोटा ड्रम) मधल्या हलक्या थापा तिशीत आणा, किक (पायानं वाजणारा मोठा ड्रम) दरवेळी ११० च्या वर नेऊ नका. एका संध्याकाळीत फरक कळेल.

त्याहून चांगला उपाय तुमच्या गावातच असेल, तो म्हणजे ऑक्टोपॅडवाला, काठ्यांनी इलेक्ट्रॉनिक पॅड वाजवणारा. रोलँड एसपीडी-२० आपल्या भागातल्या बऱ्याच ऑर्केस्ट्रांत आहे आणि त्याला मिडी आउट आहे. ती वायर कीबोर्डला जोडा, पॅडचे मिडी स्वर किटमधल्या ढोलकीच्या बोलांना जुळवा, आणि स्टाइल क्रिएटरमध्ये (कीबोर्डवर स्वतःची स्टाइल बनवायची सोय) त्याच्याकडून लावणीचा ठेका आठ आवर्तनं वाजवून घ्या. यामाहात तालासाठी दोन चॅनल असतात. एकावर ढोलकी, दुसऱ्यावर ड्रम. नंतर क्वांटाइज (थापा काटेकोर मात्रेवर ओढणारी सोय) लावून ते सरळ करायला जाऊ नका, त्याच्या हाताचा लहेजा तसाच राहू द्या. लूपमध्ये जो माणूस ऐकू येतो तोच इथं मिळतो, आणि लय-पट्टी तुमच्या हातात राहते. माझी सगळ्यात चांगली धुमाळी अशीच झालीय, आणि त्या पोराला मी त्या दिवसाचं पूर्ण मानधन दिलं. तुम्हीही द्या.

रिव्हर्ब, म्हणजे कीबोर्डनं घातलेला घुमाराही बघा. आपले कार्यक्रम पत्र्याच्या मांडवात नाहीतर गुळगुळीत भिंतींच्या मंगल कार्यालयात. तिथं आवाज आधीच घुमतो. किटचा रिव्हर्ब शून्याजवळ आणता येतो, लूपमध्ये मुरलेली खोली काढता येत नाही.

लूप कुठं ठेवायचे? जिथं जीव थापेत नसून दोन थापांच्या मधे असतो तिथं. सौंदत्तीच्या यल्लम्माची गाणी घ्या. जोगतिणीचं चौंडकं तार ताणत, सैल करत वाजतं, त्याचा सूर सतत सरकतो. एकेका थापेच्या सॅम्पलमध्ये ते येत नाही, मी खूप प्रयत्न केला. गोंधळातल्या संबळाचा घुमाराही तसाच. झांज पथक आणि करडी मजल (उत्तर कर्नाटकातला लोकवाद्यांचा ताफा) ही तर अनेक माणसांची एकत्र हालचाल. ही गाणी एका लयीत चालतात, म्हणून लूप शोभतो. बाजारात असे लूप सहसा मिळत नाहीत, मिळतात ते हिंदी गाण्यांचे. आमच्या कार्यक्रमात एका गाण्यानंतर कन्नड जनपद गीताची चिठ्ठी येते, म्हणून मी वादकांना विचारून, पैसे देऊन स्वतः रेकॉर्ड केलेत. जागेची काळजी नको. शंभरच्या लयीतली चार आवर्तनं, चार-चार मात्रांची, म्हणजे ९.६ सेकंद, स्टिरिओत पावणेदोन एमबीच्या आसपास. यामाहाच्या पीएसआर-एसएक्स७०० मध्ये बाहेरच्या आवाजांसाठी ४०० एमबी आहेत, एसएक्स९०० मध्ये १ जीबी.

कोल्हापूरला किंवा हुबळीला कीबोर्ड बघायला जाल तेव्हा डेमो ऐकत बसू नका. भजनी ठेका लावा, सत्तरवर आणा, मग हळूहळू एकशे तीसपर्यंत चढवा. मग किट उघडून एकच कळ एका जोरानं आठ वेळा दाबा आणि डोळे मिटून ऐका. शेवटी नुसत्या ‘ना’ची पट्टी बदलता येते का, ते दुकानदाराला तुमच्यासमोर करून दाखवायला सांगा.