टेड विल्यम्सचे युद्धात गेलेले होमरन: सीझननी भागू नका

अमेरिकी बेसबॉलपटू टेड विल्यम्सचे दुसऱ्या महायुद्धामुळे १९४३ ते ४५ हे तीन सीझन पूर्ण आणि कोरियन युद्धामुळे १९५२-५३ हे दोन बहुतांश बुडाले. त्यावरच्या लेखात तुम्ही त्याच्या कारकिर्दीतल्या ५२१ होमरनना (चेंडू मैदानाबाहेर मारून घेतलेल्या पूर्ण फेऱ्या) १९ सीझननी भागलंत, आलेल्या २७.४ ला पाचनं गुणलंत आणि युद्ध नसतं तर ६५८ झाले असते असं लिहिलंत. या प्रश्नात बहुतेक जण इथेच घसरतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

त्या १९ मध्ये १९५२ आणि १९५३ धरलेत. कोरियाला जाण्याआधी १९५२ मध्ये तो फक्त ६ सामने खेळला आणि परतल्यावर १९५३ मध्ये ३७. ही दोन वर्षं पूर्ण सीझन म्हणून भाजकात गेली की सरासरी घसरते, आणि तीच पुन्हा 'गमावलेली' म्हणून वर मिळवली की त्यांतले प्रत्यक्ष मारलेले १४ होमरन दोनदा मोजले जातात. दोन चुका एकमेकींना थोड्या खातात, म्हणून उत्तर बरं दिसतं आणि कुणाला शंका येत नाही. तयार तक्ते पुरवणारेही हेच करतात, विचारलं तर उत्तर देत नाहीत. याचा खरंच संताप येतो.

सामन्यांवर मोजा, आणि दोन्ही युद्धं वेगळी ठेवा. १९४३ ते ४५ साठी अलीकडची-पलीकडची दोन-दोन वर्षं घ्या: १९४१, ४२, ४६, ४७. सामने ५९९, होमरन १४३. वर्षाला १५० सामने धरले तर तीन वर्षांचे १०७. कोरियासाठी १९५१ आणि १९५४: २६५ सामन्यांत ५९. इथे वर्षाला १५० धरू नका. १९५४ च्या सराव शिबिरात त्याचं गळपट्टीचं हाड मोडलं होतं, तो ११७ सामनेच खेळला. दोन वर्षांचे २६४ धरा, खेळलेले ४३ वजा करा. उरलेल्या २२१ चे ४९ येतात. ५२१ मध्ये हे १०७ आणि ४९ मिळवले की एकूण ६७७.

हा अंदाजच आहे, सिद्ध काही होत नाही. १९४३ मध्ये रबराच्या टंचाईमुळे बॉलमध्ये बलाटा (झाडाच्या चिकापासूनचा रबरासारखा पदार्थ) वापरला होता, तो लांब जात नसे. उलट चांगले पिचरही (चेंडू टाकणारे) सैन्यात गेले होते. हे दोन्ही कशात मोजायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. माझ्या मते ६६० ते ६९० सोडून बोलू नये, आणि बेब रूथचे ७१४ (तेव्हाचा विक्रम) मोडले असते हा दावा तर नकोच.

लेखात पाचही वर्षं 'लढाईवर' लिहिलीत, तेही बदला. पहिली तीन वर्षं वैमानिक प्रशिक्षण आणि पुढे फ्लोरिडातल्या पेन्साकोलाला प्रशिक्षकाचं काम अशी गेली. लढाऊ उड्डाणं कोरियातली, ३९. १६ फेब्रुवारी १९५३ ला गोळ्या लागलेलं, पेटलेलं पँथर जेट त्यानं दक्षिण कोरियातल्या सुवोनला पोटावर उतरवलं.

जाता जाता: १९५४ च्या यादीत तो बॅटिंगमध्ये पहिला दिसत नाही म्हणून गोंधळू नका. त्याची सरासरी ०.३४५, बॅटिंगचा किताब मिळालेल्या बॉबी अविलाची ०.३४१. पण तेव्हा किमान ४०० अ‍ॅट-बॅट (वॉकसारखे प्रसंग सोडून मोजलेल्या बॅटिंगच्या पाळ्या) लागत. याचे ३८६ भरले, कारण १३६ वेळा त्याला वॉक (पिचरचे चार चेंडू चुकीचे पडल्यानं फुकट मिळणारा पहिला बेस) मिळाला आणि वॉक अ‍ॅट-बॅटमध्ये धरत नाहीत. नंतर नियम बदलून प्लेट अपिअरन्स (वॉक धरून बॅटिंगच्या सगळ्या पाळ्या) मोजू लागले, सामन्यामागे ३.१. १५४ सामन्यांचे ४७७ होतात. याचे नुसते अ‍ॅट-बॅट आणि वॉक मिळूनच ५२२ आहेत, म्हणजे नव्या नियमानं किताब त्याचाच ठरला असता.