उन्हाळ्यात सेवेला जायचंय, मम्मी नको म्हणते

प्रश्न : सलाम ताई, मी इंदूरची, वय 20, बी.एससी. सेकंड इयर. आमच्या चर्चच्या मंडळीचा तरुण संघ मे-जूनमध्ये सहा आठवडे झाबुआकडच्या गावांत जाणारे, सकाळी मुलांचं व्हीबीएस (सुट्टीतली बायबल शाळा), मग दप्तरं-वह्यांचं वाटप, संध्याकाळी भजनं आणि साक्ष (आपल्या विश्वासाचा अनुभव सांगणं) असा प्लॅन आहे. मला मनापासून जायचंय पण मम्मी म्हणते दिवस चांगले नाहीत, कायदा कडक झालाय, आणि लगेच सेवा करताना मारल्या गेलेल्या नन, सिस्टर राणी मारियांचं उदाहरण देते. त्यात माझी बेस्ट फ्रेंड तोंडावर म्हणाली, तुम्ही लोक वह्या देऊन धर्म बदलवता. फार लागलं ते. माझं काही चुकतंय का? (नाव छापू नका)

उत्तर : सलाम बाळा. तुझ्या मनात खोट नाहीये, पण प्लॅनमध्ये गडबड आहे आणि ती नेमकी तुझ्या मैत्रिणीनं पकडलीय, म्हणून तिच्यावर रुसू नकोस.

आधी मम्मीच्या भीतीचं बघू, कारण ती उगाच घाबरत नाहीये. मध्य प्रदेशात 2021 पासून धर्म स्वातंत्र्य अधिनियम लागू आहे. जबरदस्तीनं, फसवून किंवा प्रलोभन दाखवून धर्म बदलवला किंवा तसा नुसता प्रयत्न जरी केला तरी 1 ते 5 वर्षं कैद आणि किमान 25 हजार दंड, आणि समोर बाई, अल्पवयीन मूल किंवा अनुसूचित जाती-जमातीचं माणूस असेल तर 2 ते 10 वर्षं आणि किमान 50 हजार. गुन्हा अजामीनपात्र, वर आपण काही गैर केलं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवरच. आता तुमचा प्लॅन परत वाच, भिलांची गावं, लहान मुलं, फुकट दप्तरं आणि त्याच दिवशी संध्याकाळी साक्ष. भेटवस्तू या कायद्यात प्रलोभनातच धरलीय गं! तुमचा हेतू कितीही स्वच्छ असला तरी कागदावर हे कसं दिसेल?

याचा अर्थ आपला विश्वास बोलून दाखवणं गुन्हा आहे असं नाही हं. घटनेचं कलम 25 तो हक्क देतंच. फक्त 1977 साली सुप्रीम कोर्टानं स्टॅनिस्लॉस केसमध्ये, जी आपल्याच मध्य प्रदेशातून गेली होती, स्पष्ट केलं की धर्माचा प्रसार करायचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करायचा हक्क नव्हे.

आणि हा वाद काही आजचा नाही. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या, म्हणजे विधवा-मुलींसाठीच्या त्यांच्या शाळेतल्या मुली ख्रिस्ती धर्माकडे वळतायत म्हणून 1893 मध्ये पुण्यात केवढा गदारोळ झाला, सल्लागार मंडळानं राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. तरी 1896-97 च्या दुष्काळात त्याच बाई मध्य प्रांतात आल्या आणि उपाशी विधवा-मुलींना घेऊन गेल्या, पुण्याजवळ केडगावला त्यांच्या जेवणाची, राहण्याची सोय केली, हाताला काम शिकवलं. बाईंवर शंका घेणारे घेतच राहिले, पण काम मात्र डोळ्यांनी दिसणारं होतं.

सिस्टर राणी मारियांचंही तेच. देवास जिल्ह्यातल्या उदयनगर भागात शेतकऱ्यांना सावकाराच्या तावडीतून सोडवायचं त्यांचं काम ज्यांना खुपलं त्यांनी 25 फेब्रुवारी 1995 ला त्यांना बसमधून जाताना मारलं. 2017 मध्ये इंदुरातच त्यांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं तेव्हा मम्मी कदाचित गेलीही असेल, विचार तिला. पण एक बघ, सिस्टर तिथे मुक्काम ठोकून राहिल्या होत्या, सुट्टी लागली म्हणून आल्या नव्हत्या.

शिवाय मे महिन्यात झाबुआत भेटणार कोण? घरातली कमावती माणसं मजुरीला गुजरातेत असतात, पेरणीच्या तोंडावर परततात. उरतात म्हातारी माणसं नि पोरं, वर ते ऊन, आणि तुम्हाला भिली येत नाही. मग फोटो छान येतात एवढंच (मुलांचे फोटो स्टेटसला टाकायचे नाहीत, हे वेगळं सांगायला नको).

मला विचारशील तर हा उन्हाळा एमवायला, म्हणजे इंदूरच्या सरकारी एमवाय हॉस्पिटलला दे. तीच झाबुआ-अलीराजपूर-बडवानीची माणसं तिथे रोज येतात. ओपीडीच्या लाइनीत एखादी आजी हातातली पर्ची उलटीसुलटी करत उभी असते, सोनोग्राफी कुठल्या मजल्यावर ते कळत नाही, कोणाला विचारायची हिंमत होत नाही, आणि मुलगा आधार कार्डाची झेरॉक्स काढायला गेलेला तो येतच नाही. तिच्याबरोबर चार खिडक्या फिरायच्या, बस्स. अधीक्षकांच्या ऑफिसात लेखी अर्ज द्या, परवानगी मिळाली तरच जा, आणि पर्समध्ये धर्मप्रचाराची एकही पत्रिका ठेवू नकोस. कोणी आपणहून विचारलं तू कोण, कुठल्या चर्चची, तर सरळ खरं सांग.

तरी झाबुआलाच जायचं असेल तर पाळकसाहेबांना आधी एवढं विचार : गावातल्या कोणी बोलावलंय का आणि ते लेखी आहे का, मुलींची राहायची सोय कुठे, बरोबर मोठी बाई कोण, मुलांच्या आईवडिलांची सही घेणार का, आणि वह्यांचं वाटप भजनांपासून पूर्ण वेगळं करणार का, म्हणजे वह्या शाळेच्या हेडमास्तरांकडे देऊन मोकळं व्हायचं. शेवटच्या प्रश्नाला ते टाळाटाळ करू लागले तर यंदा नाही म्हण. आणि ही बोलणी करायला मम्मीलाच सोबत ने, ती तुझ्यापेक्षा नेमके प्रश्न विचारेल.